रेंज गेली, वीकएण्ड सुरू!

शुक्रवारची संध्याकाळ, साडेसहाची वेळ. तुमच्या ऑफिसात काय चाललेलं असतं तेव्हा? अर्धी जनता लॅपटॉपची बॅग भरून तयार, उरलेली अर्धी बॉसच्या केबिनकडे डोळे लावून. आणि मग ‘अरे, एक छोटंसं काम होतं..’ असं म्हणत बॉस बाहेर येतो आणि तुमच्या वीकएण्डचा निकाल लागतो. मी फ्रीलान्स जर्नलिस्ट आहे. मला बॉस नाही. म्हणून मैत्रिणी माझा हेवा करतात. पण बॉस नसलेल्या माणसाला वीकएण्डही नसतो, हे त्यांना कोण सांगणार? आमचे सातही वार सोमवार!

ही गोष्ट आहे 2022 च्या जुलैमधली. ज्युनिअर कॉलेजपासूनचा आमचा पाच जणांचा ग्रुप. लॉकडाऊन, वर्क फ्रॉम होम, कुणाचं लग्न ठरणं, कुणाचं मोडणं, या सगळ्यात तीन वर्षं आम्ही पाचही जण एका छपराखाली आलो नव्हतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘भेटू या यार’ आणि त्याखाली पाच अंगठे, एवढंच. शेवटी त्यातलीच एक वैतागली आणि तिने मेसेज टाकला, ‘आंबोलीच्या घरी जातेय. ज्यांना यायचंय त्यांनी या. न येणाऱ्याला ग्रुपमधून काढणार.’

नावं लिहायची नाहीत अशी सक्त ताकीद मिळालीय, त्यामुळे टोपणनावांवर भागवा. मेसेज टाकणारी ती घरमालकीण. अंधेरीला बँकेत आहे. दुसरा सीए, तोही मुंबईचा. बिस्किटाचा पुडाही हिशेब लिहून फोडणारा. तिसरी डेंटिस्ट, आमच्या पुण्याची. चौथा कोडर, एका स्टार्टअपमध्ये. आणि पाचवी मी. मी सोबत एक जास्तीची गोष्ट घेऊन निघाले होते, जी कुणालाच सांगितली नव्हती. तिच्याविषयी पुढे येईलच.

आजऱ्याच्या पुढे पाऊस बदलतो

मुंबईकर कोकणकन्येने सावंतवाडीला येणार होते आणि तिथून एसटीने घाट चढणार होते. आम्ही तिघं पुण्याहून शुक्रवारी रात्री अकराला कोडरच्या गाडीतून निघालो. पुणे ते आंबोली साधारण साडेतीनशे किलोमीटर. कोल्हापूर, निपाणी, मग उजवीकडे वळून आजरा. घनसाळ तांदळाचं हे गाव पहाटे पाचला झोपलेलंच होतं, पण स्टॅण्डजवळ एक चहाची टपरी उघडी होती. तिथे डेंटिस्टने ग्लासातून चौथा चहा घेतला आणि जाहीर केलं, ‘दातांचं काय व्हायचं ते होऊ दे!’

आजऱ्यापर्यंत जो पाऊस पडत असतो तो आपल्या ओळखीचा. त्याच्यापुढे मात्र तो बदलतो. थेंब दिसतच नाहीत, नुसतं पाणी आणि धुकं. वायपर फुल स्पीडवर, आणि तरी समोर पाच फुटांपलीकडे काही नाही. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आमच्या पुण्यात पडतो त्याच्या जवळपास दहापट! समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले ढग इथे सह्याद्रीच्या सरळसोट भिंतीला येऊन धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि सगळा माल तिथेच खाली करतात. शाळेत भूगोलात हे आपण दोन मार्कांसाठी लिहिलेलं असतं. तिथे ते अंगावर येतं.

बरोब्बर त्याच सुमारास माझ्या मोबाइलची शेवटची काडीही गेली. मी कोडरकडे पाहिलं. त्याचाही मोबाइल मांडीवर होता आणि तो दर मिनिटाला त्याच्याकडे बघत होता. मला वाटलं, बिचारा, ऑनकॉल असणार.

फणसाखालचं मोबाइल टॉवर

घर मुख्य रस्त्यापासून आत आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे लांबलचक पडवी. घरमालकिणीच्या आजोबांनी बांधलेलं. आता तिथे तिचे चुलत काका-काकी बारा महिने राहतात. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा काकी डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन अंगणात उभ्याच होत्या.

‘इलात? वाटेत पाऊस लागलो काय?’

आम्ही तिघंही नखशिखान्त भिजलेलो. यावर काय उत्तर देणार?

‘आधी कपडे बदला, मगे चाय.’ असं म्हणून त्या आत गेल्यासुद्धा. चुलीच्या वर दोरीवर काकांचे कपडे वाळत होते. पावसाळ्यात इथे कपडे उन्हात वाळत नाहीत, धुरात वाळतात. दोन दिवसांनी माझ्या टी-शर्टला जो धुराचा वास लागला, तो पुण्यात दोनदा मशिनमध्ये टाकूनही गेला नाही. मला तो घालवायचाही नव्हता म्हणा.

दहाच्या सुमारास मुंबईकर आले आणि मग जी काही गळाभेट झाली, ती अंगणातल्या चिखलात! नाश्त्याला गरमागरम घावणे आणि नारळाची चटणी. सीएने सात खाल्ले. मोजले त्यानेच. दुपारी काकींनी कुळथाची पिठी, भात, टाकळ्याची भाजी आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा असा बेत केला. तुम्ही म्हणाल, मालवणी पाहुणचार आणि ताजे मासे नाहीत? अहो, भर पावसाळ्यात मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं. त्यामुळे खरा मालवणी माणूस या दिवसांत सुक्या मासळीवर असतो. आणि बॉस, पिठीभाताबरोबर तो खारट, करपलेला बांगडा.. त्यापुढे शहरातली थाळी फिकी!

घरात रेंज नाही. आहे ती फक्त फाटकाजवळच्या फणसाखाली, तीही गडग्यावर चढून उभं राहिलं तर. या जागेचं नाव ‘टॉवर’. तास-दोन तास आम्ही सगळेच आळीपाळीने छत्री घेऊन टॉवरवर जाऊन आलो. मग एकेकाचा नाद सुटला. डेंटिस्ट पडवीत आडवी झाली, सीएने पत्ते काढले. कोडर मात्र जातच राहिला. आणि मीसुद्धा. फक्त मी मोबाइल घेऊन जात नव्हते, वही घेऊन जात होते.

होय, तीच ती जास्तीची गोष्ट. एका मासिकाने मला ‘पावसाळी ऑफबीट वीकएण्ड’ असा बाराशे शब्दांचा लेख दिला होता. सोबत फोटो आणि ‘कसे जाल, कुठे राहाल’ची चौकट. एका ठिकाणचे माझे पैसे तीन महिने अडकले होते, दहा तारखेला फ्लॅटचं भाडं द्यायचं होतं, आणि तेवढ्यात घरमालकिणीचा मेसेज आला. मला वाटलं, एका दगडात दोन पक्षी. सुट्टीही होईल आणि लेखही. तिला सांगू नंतर. त्यात काय एवढं?

सीएचा प्लॅन

जेवण झाल्यावर सीएने कागदाचा तक्ता मांडला. ‘ऐका. पाच जण. प्रत्येकी चार लाख. वीस लाखांत इथे दहा गुंठे घेऊन टाकू. वर एक छोटंसं घर. वर्षातून दोनदा आपण येऊ, बाकीचे दिवस भाड्याने देऊ. पाच वर्षांत पैसे वसूल!’

आम्ही सगळे लगेच हवेत. डेंटिस्टला खिडकीत बसायची जागा हवी होती. मला लिहायला वेगळी खोली. कोडर गप्प होता. तेवढ्यात सुपारी कातरत बसलेले काका हसायला लागले.

‘अरे, आमच्याच नावार जमीन नाय, तुमका खंयसून गावतली?’

आम्हाला वाटलं गंमत करतायत. ती गंमत नव्हती. आंबोली, चौकुळ आणि गेळे ही तीन गावं ‘कबुलायतदार गावकर’ पद्धतीची. सावंतवाडी संस्थानच्या काळापासून इथली जमीन एकेकट्याच्या नावावर नव्हती. गावाने मिळून सारा भरायचा कबुलायतनामा करून दिलेला, आणि जमीन गावकरांनी आपापसात समजुतीने कसायची. पुढे 1999 मध्ये सातबाऱ्यावर ‘महाराष्ट्र शासन’ असं नाव लागलं. माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतायत, तिथेच शेती करतायत, आणि कागदावर मालक सरकार. मोर्चे झाले, उपोषणं झाली, मुंबईत बैठकांवर बैठका झाल्या. आम्ही पडवीत बसलो होतो तेव्हाही प्रश्न तसाच होता.

‘बँकेत कर्जाक गेलंय तर सातबारो मागतत,’ काका म्हणाले. ‘आणि सातबाऱ्यार सरकारचा नाव. मगे?’

त्यात घरही सामाईक. चार भावंडांच्या वाटण्या, त्यातली दोन मुंबईत, एक बेळगावला. कौलं बदलायची तर पैसे कुणी काढायचे, हा दर गणपतीतला विषय. काकांनी बोटाने वर दाखवलं. आतापर्यंत आमच्या लक्षातच आलं नव्हतं. माजघरात तीन ठिकाणी पातेली ठेवली होती आणि त्यांत टप टप पाणी पडत होतं. ज्याला आम्ही ‘काय मस्त आवाज येतोय पावसाचा’ म्हणत होतो, तो हाच आवाज!

सीएने मुकाट्याने कागदाची घडी घातली.

धबधब्यावरची चौकशी

पाऊस थोडा उघडल्यावर आम्ही बाहेर पडलो. आधी हिरण्यकेशी. झाडीतून गेलेली वाट, गुहेतून बाहेर येणारं पाणी आणि समोर मंदिराचं कुंड. या कुंडात सापडलेल्या एका छोट्याशा माशाची 2020 मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली. नाव ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. गावात ‘देवाचा मासा’. पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, राज्य सरकारने ही सुमारे दोन हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आणि गंमत बघा, इथून अरबी समुद्र एवढा जवळ, पण हिरण्यकेशी त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते. घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि पाणी पार बंगालच्या उपसागरात. घाटातल्या धबधब्याचं पाणी मात्र खाली कोकणात उतरून अरबी समुद्राला जाऊन मिळतं. एकाच गावावर पडलेला पाऊस, आणि दोन समुद्र.

मग घाटातला मुख्य धबधबा. इथे आमचं शांत, निवांत आंबोली संपलं. शनिवार दुपार. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा, प्रत्येक गाडीतून वेगळं गाणं, पायऱ्यांवर पोरांची ही झुंबड. बाटल्या, वेफर्सची पाकिटं, प्लॅस्टिकच्या प्लेट्स. एक माकड चिप्सचं पाकीट दातांनी फोडत होतं आणि सात-आठ जण त्याचा व्हिडीओ काढत होते. कधीकाळी वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या छावणीला जाणारा माल याच वाटेने चढायचा आणि साहेब लोक वाटेत विसावा घ्यायला आंबोलीत थांबायचे. आता आम्ही साहेब.

मी सवयीने भाजलेल्या कणसांच्या गाडीवर गेले आणि विचारायला लागले. सीझनमध्ये रोज किती कणसं खपतात? गर्दी कधीपासून वाढली? पार्किंगचं काय? उत्तरं वहीत उतरवत होते. मागे वळले तर घरमालकीण उभी.

‘तू इंटरव्ह्यू घेतेयस?’

मी हसण्यावारी नेलं. तिने वही हातातून घेतली नाही, नुसतं वरच्या ओळीकडे पाहिलं. तिथे मीच ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘राहण्याची सोय – आजोबांचं घर? काकींचा नंबर?’

ती काही बोलली नाही. कावळेसादला जाईपर्यंत गाडीत कुणीच काही बोललं नाही. कावळेसाद म्हणजे आंबोलीचा सुपरस्टार पॉइंट. दरीतून वर येणारा वारा एवढा जोरदार की कड्यावरून खाली पडणारं पाणी उलटं वर उडतं. धुक्यामुळे आम्हाला दरी दिसली नाही, समोरचा कडा दिसला नाही, काहीच दिसलं नाही. फक्त खालून वर येणारा पाऊस तोंडावर बसत होता. त्या पांढऱ्या धुक्यात कठड्याला धरून ती एकदम म्हणाली, ‘तीन वर्षांनी आपण भेटतोय. मला वाटलं तू मला भेटायला आलीस. तू तर कामाला आलीयस.’

‘अगं, काका-काकींना चार पैसे मिळतील..’

‘काकांना विचारलंस?’

नव्हतं विचारलं. माझ्याकडे भाड्याचं कारण होतं, अडकलेल्या पैशांचं कारण होतं, आणि ती कारणं खोटी नव्हती. पण त्यातलं एकही मी तिला आधी सांगितलं नव्हतं. उलट्या धबधब्यात एक बरं असतं. कुणाच्या डोळ्यांतून पाणी येतंय ते कळत नाही.

दिवे बंद करा

रात्री घरी आम्ही मुकाट्याने जेवलो. नाचणीची भाकरी, कोंबडीचा रस्सा, सोलकढी. एवढं सगळं असून घास उतरेना. शेवटी मीच काकींना सांगून टाकलं, सगळं, आणि घराविषयी लिहू का म्हणून विचारलं. उशिरा का होईना.

‘चार पैशे गावले तर कोणाक नको, गो?’ काकी म्हणाल्या. ‘पण पावण्यांका खंय निजवतलंय? पातेल्याच्या बाजूक?’

काका मात्र गंभीर झाले. ‘तू लिवतस तर लिव, बाय. पण लोकांका सांग, येवा, पण बाटल्यो हय टाकू नकात. आणि राती गाडी हळू हाका. रस्त्यार बेडूक आसतत.’

सीएला हसू फुटलं. बेडकांना राइट ऑफ वे? काकांनी त्याला उठवलं, टॉर्च घेतला आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. रात्रीचे दहा, पाऊस रिपरिप. रस्त्याच्या कडेला त्यांनी टॉर्च फिरवला आणि खरंच, ठिकठिकाणी बेडूक. चाकाखाली सापडलेलेही काही. आंबोलीत एक भेक आहे, अंगावर वाघासारखे पिवळसर पट्टे असलेला. 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद केली. जगात तो सह्याद्रीच्या अगदी लहानशा पट्ट्यात सापडतो आणि ‘अतिसंकटग्रस्त’ प्राण्यांच्या यादीत आहे. जांभ्या कातळावर साचलेल्या पावसाच्या डबक्यांत त्याची पिल्लं वाढतात. म्हणजे जो रस्ता आम्ही ‘लाँग ड्राइव्ह’ म्हणून गाणी लावून तुडवत आलो, तो त्याच्या घराच्या मधोमध जातो.

मग काका आम्हाला झाडीत थोडं आत घेऊन गेले. ‘आता बत्त्ये बंद करा. सगळे. मोबाइलपण.’

काळोख. नुसता काळोख नाही, गच्च काळोख. मिनिटभर काहीच दिसेना. डेंटिस्टने माझा हात घट्ट धरला. दोन मिनिटं, तीन मिनिटं. आणि मग पायाशी पडलेल्या कुजक्या फांदीवर काहीतरी फिकट हिरवं उमटायला लागलं. आधी वाटलं डोळ्यांचा भास. मग दुसरी फांदी दिसली, मग एका झाडाचं बुंधं. बुरशी! ओल्या, कुजणाऱ्या लाकडावर वाढणारी काही जातींची बुरशी रात्री चमकते. तिच्यातल्या लुसिफेरिन नावाच्या द्रव्याची ऑक्सिजनशी प्रक्रिया होते आणि उष्णता नसलेला, थंड प्रकाश बाहेर पडतो. भीमाशंकरच्या जंगलातही पावसाळ्यात असा चमत्कार दिसतो. पण हे सगळं मी नंतर वाचलं. त्या क्षणी आम्ही पाचही जण वेड्यासारखे नुसते उभे होतो. सीएने फोटो काढायला मोबाइल उघडला, स्क्रीन पेटली, आणि सगळं गायब. पुन्हा काळोखात डोळे सरावायला पाच मिनिटं गेली. त्यानंतर कुणी मोबाइल काढला नाही.

तिथेच, अंधारात, कोडर बोलला. कुणाचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच बोलला असावा.

‘माझा जॉब गेलाय. तीन आठवडे झाले.’

सकाळी दहाला व्हिडीओ कॉल, चाळीस जण एकदम, साडेदहाला लॅपटॉपचा अ‍ॅक्सेस बंद. घरी सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि लायब्ररीत जाऊन बसतो. सकाळपासून टॉवरवर जात होता तो एका इंटरव्ह्यूचा निकाल बघायला. तो आला होता. नकार.

आणि आता मी जे लिहिणार आहे ते लिहायची मला लाज वाटते, पण ते लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. त्याने वाक्य संपवलं आणि माझ्या डोक्यात पहिला विचार कोणता आला माहितीये? ‘सुरुवात मिळाली!’ चमकणारी बुरशी, काळोख, जॉब गेलेला मित्र. बाराशे शब्दांची झक्कास सुरुवात. अर्धा सेकंदच. पण आला. आणि त्या अर्ध्या सेकंदात घरमालकीण कठड्याशी काय म्हणत होती ते मला कळलं.

सीए पुढे झाला. त्याने कोडरच्या खांद्यावर हात ठेवला असावा, कारण मला फक्त आवाज आला. ‘किती ईएमआय आहे? उद्या बसू. सगळं लिहून काढू.’ बिस्किटांचा हिशेब ठेवणारा माणूस असा उपयोगी पडतो.

सोमवार

रविवारी सकाळी सीए आणि कोडर पडवीत कागद घेऊन बसले. फ्लॅटचा हप्ता, विमा, गाडीचं कर्ज, सगळं. गाडी विकायची ठरली. आईबाबांना त्याच दिवशी सांगायचं ठरलं. तो टॉवरवर चढला, गडग्यावर उभा राहिला आणि बराच वेळ बोलला. खाली उतरला तेव्हा डोळे लाल होते, पण जेवायला बसल्यावर त्याने तिसऱ्यांदा भात मागितला.

मी आणि घरमालकीण माजघरातली पातेली रिकामी करत होतो. पाणी पागोळीखाली ओतायचं, पातेलं परत ठेवायचं. ‘सॉरी’ मी म्हटलं. ‘हं’ ती म्हणाली. पाचव्या पातेल्यानंतर तिने विचारलं, ‘भाड्याला किती कमी पडतायत?’ मी आकडा सांगितला. तिने संध्याकाळी टॉवरवरून पैसे पाठवले. ते मी नोव्हेंबरमध्ये फेडले, दोन हप्त्यांत.

सोमवारी मी एडिटरला फोन करून लेख जमणार नाही असं सांगितलं. ते रागावले, आणि त्यांचं बरोबरच होतं. पान रिकामं ठेवून मी पळाले होते. त्यानंतर वर्षभर तिथून काम आलं नाही. यात मी काही मोठा त्याग केला असं वाटत नाही. आधी विचारलं असतं तर लेखही झाला असता आणि मैत्रिणीला कठड्याशी रडवायची वेळही आली नसती.

जमीन आम्ही घेतली नाही, हे सांगायला नको. पण सीएच्या तक्त्याचा वेगळा उपयोग झाला. पावसाळ्याआधी कोकणात घरं शाकारतात. म्हणजे कौलं उतरवायची, झाडायची, फुटलेली बदलायची, कुजलेले रिप काढायचे आणि पुन्हा एकावर एक लावत जायचं. पुढच्या वर्षी, 2023 च्या मे महिन्यात, आम्ही पाच जणांनी थोडे थोडे पैसे काढले, घरमालकिणीच्या काकांनी आणि आत्यांनी आपापले घातले आणि आम्ही शाकारणीला आंबोलीला गेलो. कामाचे गडी गावचेच, आम्ही फक्त खालून कौलं वर द्यायची. साखळी करून, हातातून हातात. पहिल्या तासात माझ्या तळहातांना फोड आले. कोडरला तोपर्यंत एका छोट्या कंपनीत काम मिळालं होतं, पगार आधीपेक्षा कमी. तो चक्क छपरावर चढला. काकी खालून ओरडत होत्या, ‘पडशीत रे मेल्या!’

त्या पावसाळ्यात माजघरात एकच पातेलं लागलं. काका म्हणतात, एक ठेवायचंच असतं, नाहीतर पाऊस रागावतो.

हा लेख छापायला देण्याआधी मी चौघांना वाचायला दिला, आणि काका-काकींना फोनवर वाचून दाखवला. कोडर म्हणाला, ‘लिही, लायब्ररीचंही लिही.’ सीएने दोन आकडे दुरुस्त केले. काकींनी विचारलं, बाटल्यांचं लिहिलंस ना? लिहिलंय, काकी.

तर मंडळी, या पावसाळ्यात आंबोलीला जरूर जा. शक्यतो शनिवार-रविवार टाळा. एक मंगळवार मारा सुट्टी, बॉसला सांगा दात दुखतोय, डेंटिस्टची चिठ्ठी मी मिळवून देते! हिरण्यकेशीच्या कुंडात हातपाय धुवायला उतरू नका, माकडांना काही देऊ नका, आपला कचरा आपल्या बॅगेत घालून आणा. रात्री गाडी काढायचीच असेल तर वीसच्या स्पीडने. आणि एखाद्या रात्री सगळ्यांचे मोबाइल बंद करून पाच मिनिटं अंधारात उभे राहा. बुरशी दिसेलच याची गॅरण्टी नाही. पण तुमच्यातला कुणीतरी बोलायला लागेल कदाचित.

घराचा पत्ता मात्र विचारू नका.